निघण्याआधीचा अंटार्क्टिका

आरक्षण पक्कं झाल्याचं जहाज कंपनीचं पत्र आलं. त्यात दोनच अटी ठळक अक्षरांत होत्या. प्रत्येक प्रवाशाकडे किमान दोन लाख डॉलरचा वैद्यकीय इव्हॅक्युएशनचा विमा हवा, नाहीतर जहाजावर घेणार नाही. आणि पूर्ण वॉटरप्रूफ पँट हवी, नाहीतर किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी बोटीत बसवणार नाही. दुर्बीण, कॅमेरा, गॉगल, बोट लागण्याच्या गोळ्या हे सगळं त्याच्या खाली, साध्या अक्षरांत.

जायचं खरं ताईला होतं, मी तिच्या सोबतीला. ती सदुसष्ट वर्षांची, निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवलेली. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेली डॉ. कासिम यांची पहिली भारतीय मोहीम जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर पोचली, तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. वर्तमानपत्रातलं ते कात्रण तिने वर्गाच्या भिंतीवर चिकटवलं होतं. आता तिच्या हृदयात एक स्टेंट आहे, रोज रक्तदाबाची गोळी आहे. डॉक्टरांनी तपासण्या करून, कंपनीचा लांबलचक फॉर्म भरून सही दिली तेव्हाच आम्ही पुढचे पैसे भरले. मी बँकेत कर्ज विभागात होते, म्हणून कागद माझ्याकडे आले. कपडे ताईने बघायचे, असं ठरलं.

दोन लाख डॉलर म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. इतका विमा कशाला, हे नकाशा पाहिल्यावर कळतं. जहाज निघतं अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला असलेल्या उशुआया बंदरातून. तिथून अंटार्क्टिक द्वीपकल्प सुमारे हजार किलोमीटर. मध्ये ड्रेक पॅसेजचा खवळलेला समुद्र, तो ओलांडायला साधारण दोन दिवस. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण तिथे अँजिओप्लास्टी होत नाही. गंभीर काही झालं तर एक मार्ग म्हणजे जहाज वळवून उशुआयाला परत यायचं. दुसरा म्हणजे किंग जॉर्ज बेट गाठायचं. तिथे चिलीच्या फ्रेई तळाजवळ खडीची धावपट्टी आहे आणि तिथून विमानाने चिलीतल्या पुंता अरेनासला जायला दोनेक तास लागतात. हे दोन तास विमान उतरू शकलं तर. धुकं उतरलं किंवा वारा सुटला की विमान पुंता अरेनासलाच थांबून राहतं आणि रुग्ण बेटावर.

ताईने मला त्याच संध्याकाळी लिओनिद रोगोझोव्हची हकिगत सांगितली. १९६१ साली नोव्होलाझारेव्स्काया या सोव्हिएत तळावर तो एकटाच डॉक्टर होता, वय सत्तावीस. त्याला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. बाहेर हिमवादळ, विमान येणं अशक्य. त्याने जागा बधिर करणारं इंजेक्शन घेतलं, एका सहकाऱ्याला आरसा धरायला लावला आणि स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं. तो वाचला. तो तळ ज्या शिर्माकर ओअॅसिसमध्ये आहे, तिथेच काही किलोमीटरवर आपला मैत्री तळ आहे. आता सॅटेलाइट फोन आहेत, विमानं आहेत, हवा मात्र तेव्हाचीच आहे.

मग मी पॉलिसी वाचायला बसले. बहुतेकांवर ‘वर्ल्डवाइड’ असा शिक्का होता. कर्ज विभागात इतकी वर्षं काढल्यावर एक सवय लागते, की कागदावर नाही ते हातात नाही. एका एजंटाने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, जगात कुठेही चालते ही पॉलिसी, तुम्ही निर्धास्त जा.’ मी म्हटलं, अंटार्क्टिका आणि भोवतालचा समुद्र यात धरलाय, एवढं एक वाक्य लेखी द्या. त्याचा पुन्हा फोन आला नाही. कुठे इव्हॅक्युएशनची रक्कम वेगळी नव्हती, ती रुग्णालयाच्या खर्चातच धरलेली. कुठे आधीपासूनचा हृदयविकार पूर्णपणे वगळलेला, कुठे तो फक्त जिवावर बेतलं तरच मान्य. एकीकडे तर ‘जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत’ असं लिहिलेलं, पण योग्य कोणतं हे कोण ठरवणार, याचा पत्ता नाही. शिवाय विमान मागवण्याआधी विमा कंपनीच्या मदत कक्षाची परवानगी घ्यावी लागते. ती न घेता खर्च झाला तर बिल आपल्या गळ्यात. त्या कक्षाचा टोल-फ्री नंबर जहाजाच्या सॅटेलाइट फोनवरून लागेलच असं नाही, म्हणून मी देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर मागून घेतला आणि भाच्याकडेही ठेवला. शेवटी एका कंपनीने सगळ्या प्रश्नांची उत्तरं ईमेलने दिली. हप्ता सर्वांत जास्त त्यांचाच होता, तरी तिथेच पैसे भरले. अंटार्क्टिकाला निघणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते की हप्त्यात घासाघीस करू नका, कलमांत करा.

पण हे कागद वाचता वाचता मला एक गोष्ट पक्की कळली. विमा पैसे देतो. माणसाला बाहेर काढतात ती माणसंच. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एक्स्प्लोरर’ नावाचं प्रवासी जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आपटून बुडालं. अंटार्क्टिकाच्या सफरींसाठी मुद्दाम बांधलेलं ते पहिलं जहाज, १९६९ चं. त्यावर १५४ माणसं होती. रात्री जहाज सोडून ती लाइफबोटींत उतरली, कित्येक तास उघड्यावर कुडकुडत बसली, आणि मग जवळून चाललेल्या ‘नॉर्डनोर्गे’ या नॉर्वेच्या जहाजाने सगळ्यांना उचललं. एकही जीव गेला नाही. एवढी आपत्ती नसली, नुसतं एका आजारी प्रवाशासाठी जहाज मागे वळवायचं ठरलं, तरी बाकी सगळ्यांची, आयुष्यभर पैसे साठवून आलेल्यांची, सफर तिथेच संपते. तेव्हा आजारी न पडण्यासाठी जेवढं हातात आहे तेवढं करून जाणं हे आमचं त्यांच्याप्रति कर्तव्यच होतं. आणि हातात होते ते कपडे.

द्वीपकल्पावर उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास असतं. आपल्याला वाटतो तितका तो आकडा भयंकर नाही. भीती असते ओलं होण्याची. पाणी शरीरातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटून थंडगार राहतं, म्हणून सुती बनियनसुद्धा चालत नाही. आत मेरिनो लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं कवच. रबरी बोटीत माणूस फुगीर काठावर बसतो, लाटेचं पाणी मांडीवर येतं आणि काठावर साचून राहतं. उतरताना घोटाभर किंवा जास्तच समुद्रात पाय टाकावा लागतो. उंच रबरी बूट जहाजावर मिळतात, पण पँट बुटांच्या बाहेरून खाली सोडायची, म्हणजे पाणी बुटात शिरत नाही.

आयुष्यभर साडी नेसलेल्या ताईने पँटच्या खरेदीत जे लक्ष घातलं ते पाहण्यासारखं होतं. दुकानातल्या पट्टीवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं. म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं, हे तिने विक्रेत्या मुलाला समजावून सांगितलं. त्यावर तिचं म्हणणं असं, की हा आकडा कापडाचा आहे, शिलाईचा नाही. घरी आणलेल्या दोन पँटींची परीक्षा तिने न्हाणीघरात घेतली. पँटीच्या आत बसण्याच्या जागी टिश्यू पेपर पसरले, पाटावर पाण्याने थबथबलेला जाड टॉवेल घातला आणि त्यावर ती मांड्या जुळवून पंधरा मिनिटं बसून राहिली. बसल्यावर वजनाचा दाब पडतो, उभ्याने पाणी मारून ते कळत नाही. पहिल्या पँटीतला टिश्यू मधल्या शिवणीच्या रेघेत अगदी सुतासारखा ओला निघाला. ती पँट आतून उलटी केली तर शिवणीवर टेपच नव्हती. दुसरीच्या प्रत्येक शिवणीवर आतून चकचकीत टेप दाबलेली, टिश्यू कोरडा ठणठणीत. पहिली दुकानात परत गेली. हातमोज्यांचंही तसंच, आतला पातळ जोड आणि वर वॉटरप्रूफ, शिवाय एक जोड जादा, कारण बोटीत चढता-उतरताना खलाशाचं मनगट घट्ट धरावं लागतं आणि हातमोजा तिथेच भिजतो.

मग ती जुने गमबूट घालून पर्वतीच्या पायऱ्या चढायला लागली. आधी हळूहळू, मग न थांबता. पक्ष्यांच्या फ्लूमुळे आता तिकडे बर्फावर बसायला, गुडघे टेकायला किंवा बॅग ठेवायला मनाई आहे. किनाऱ्यावर असेपर्यंत उभंच राहायचं. एका वेळी शंभराहून जास्त माणसं किनाऱ्यावर उतरवत नाहीत, पेंग्विनपासून पाच मीटर अंतर ठेवायचं, हे नियम तिने केव्हाच पाठ केले होते.

बाहेरचं बी तिकडे जाऊ नये म्हणून सॅक साफ करणं माझ्या वाट्याला आलं. राजगडाच्या वाटेवरची कुसळं तिच्या वेल्क्रोत आणि शिवणींत रुतून बसली होती. चिमट्याने एकेक उपसावं लागलं, खिसे उलटे करून व्हॅक्यूमने ओढावे लागले. जहाजावर हीच तपासणी पुन्हा होते. हा अतिरेक नाही. पोआ अॅन्युआ हे बाहेरचं गवत किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या अर्क्टोव्स्की तळाजवळ १९८० च्या दशकात माणसांसोबत आलं आणि रुजलं. नंतर ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. कुसळं काढताना मी घाई केली नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात सगळे कागद एका पाकिटात घालताना ताई म्हणाली, ‘मला काही झालं आणि विमानाने न्यायची वेळ आली, तर तू जहाजावरच राहायचंस. इतके पैसे घालून आलीस, तू पूर्ण बघून ये.’

मी पॉलिसीतलं कलम उघडून तिच्यापुढे धरलं. सोबत एका नातेवाइकाचा खर्च त्यात धरला होता, तो मी मुद्दाम लिहून घेतला होता. ‘ताई, हे कलम बघून मी ही पॉलिसी घेतलीये. तुला एकटीला मी पाठवणार नाही. आणि हे भाच्यालाही सांगून ठेवलंय.’

ती बराच वेळ कलम वाचत राहिली. भूगोलाच्या बाईंसारखं बोट फिरवत, प्रत्येक शब्द. मग तिने चष्मा काढला आणि खाली सही केली.

‘मग तुझं जाड जॅकेट हातातल्या बॅगेत ठेव,’ ती म्हणाली, ‘मोठ्या बॅगेत नको. पुंता अरेनासला वारा फार असतो.’