महाड : पाण्यानं घडवलेलं गाव

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात तुम्ही कधीतरी गेला असाल. गोमुखातून पाच नद्यांचं पाणी एकत्र पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. पहिल्या तिघी पूर्वेकडे निघतात आणि त्यांचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. सावित्री मात्र पाठ फिरवून सह्याद्रीचा कडा उतरते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्येच अरबी समुद्र गाठते. या घाईत तिच्या काठावर जे एकच मोठं गाव वसलं, ते महाड.

मोठं म्हणजे तरी किती? २०११ च्या जनगणनेत महाड शहराची लोकसंख्या २७ हजारांच्या आसपास होती. मुंबईतल्या एखाद्या उपनगराच्या कोपऱ्यात मावेल एवढी. बहुतेक जण मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना इथे चहा घेतात किंवा थेट रायगडाकडे वळतात. पुढच्या वेळी एक दिवस गावासाठीच ठेवा.

आधी गाव कुठे वसलंय ते समजून घ्या, म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतील. महाडजवळ सावित्रीला गांधारी नदी मिळते. तिथून समुद्र पन्नासेक किलोमीटर दूर, बाणकोटला. पण भरतीचं पाणी खाडीतून थेट इथवर चढतं. म्हणजे डोंगरातून येणारं गोडं पाणी आणि समुद्रातून येणारं खारं पाणी यांची गाठ याच परिसरात पडते. पूर्वी रस्ते नव्हते तेव्हा हे केवढं मोठं भाग्य होतं! गलबतं भरतीबरोबर आत यायची, दासगावला किंवा थेट महाडला माल उतरायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवरून वरंध घाटानं देशावर जायचा. शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी रायगड निवडला. त्या गडापासून महाडचं बंदर जेमतेम २५ किलोमीटरवर होतं. खाडीच्या तोंडावरचा बाणकोटचा किल्ला १७५६ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यांनी त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असं नाव दिलं. मुंबईबाहेर कोकणात इतक्या लवकर त्यांना पाय रोवावेसे वाटले, त्यात या जलमार्गाचा वाटा होताच.

हा व्यापार किती जुना, याचं उत्तर गावाबाहेर महामार्गालगतच्या टेकडीत आहे. गांधारपाले लेणी. तीसच्या आसपास बौद्ध लेणी, दोन-तीन थरांत खोदलेली. काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमारानं दिलेल्या दानाचा शिलालेख इथे आहे आणि तो साधारण दुसऱ्या शतकातला मानतात. पायऱ्या दमवतात, पण वर पोचल्यावर व्हरांड्यात बसून खाली पाहा. नदीचं वळण, भातखाचरं आणि गाव एका नजरेत येतं. भिक्षूंनी ही जागा का निवडली असेल, हे कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही. (पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. चप्पल नीट घाला.)

आता गावात या. ग्रामदैवत वीरेश्वराचं देऊळ पाहा. महाशिवरात्रीच्या सुमारास इथे छबिन्याचा उत्सव होतो आणि आसपासच्या गावांच्या पालख्या येतात. देवळापासून चवदार तळं फार लांब नाही. नाव पाण्याच्या चवीवरून पडलं असं सांगतात. देशाच्या इतिहासात महाडचं नाव कायमचं लिहिलं गेलं ते या तळ्यामुळे. त्या गोष्टीत नगरपालिकेचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावानं १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी आपलं तळं खुलं केल्याचा ठराव मांडून मंजूर केला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारणावादी माणसं गावात होती. कागदावर सगळं झालं. तळ्यावर जायची हिंमत मात्र कुणाला होत नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा त्यानंतर उठली आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्या पडल्या. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात बुडवून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. गुरंढोरं, कुत्री जिथे पाणी पीत होती, त्या तळ्याचं हे शुद्धीकरण!

ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले, बोटीनं दासगावला उतरून तिथून पायी. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. विरोधकांनी तळं खाजगी असल्याचं सांगून न्यायालयातून मनाई मिळवली होती, म्हणून तळ्यावर जाणं तेव्हा टळलं. पण २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. खटला पुढे दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला : अस्पृश्यांना बंदी करणारी अनादी काळची रूढी सिद्ध झालेली नाही. तळं सगळ्यांचं ठरलं. आज तळ्याच्या मध्ये बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि गावात क्रांतिस्तंभ. मुलं बरोबर असतील तर पायऱ्यांवर बसून त्यांना ही तारखांची साखळी सांगा. इतिहासाच्या पुस्तकात ती दोन ओळींत संपते.

ज्या भरतीनं महाडला बंदर दिलं, तीच आता इथल्या लोकांची झोप उडवते. महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातलं बरंच पाणी सावित्रीतून धावत येतं. नेमकी त्याच वेळी भरती असेल तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते बाजारपेठेत शिरतं. गाळानं नदीचं पात्र उथळ झालंय आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव पाणी अडवतो, अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा १९२८ मधला दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि एक मोटारही. चाळीसच्या आसपास माणसं गेली. शोध घेणाऱ्यांना पुराबरोबरच मगरींचंही भान ठेवावं लागलं. हो, सावित्रीत मगरी आहेत! हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महापूर आला. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक लोक दगावले. रस्ते पाण्याखाली असल्यानं मदत पोचायलाही वेळ लागला. त्यानंतर नदीतला गाळ काढायचं काम सुरू झालं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुंबईहून महामार्गानं, नाहीतर कोकण रेल्वेनं वीर स्थानकावर उतरून. पुण्याहून वरंध घाट जवळचा, पण पावसाळ्यात तो अनेकदा बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा किंवा ताम्हिणीनं माणगावला उतरा. रायगडासाठी दुसरा दिवस ठेवा. आणि २० मार्चला किंवा २५ डिसेंबरला जाणार असाल तर राहायची सोय आधीच करून घ्या. त्या दिवसांत चवदार तळ्यावर लाखोंची गर्दी असते.