मालवणचा आटवलेला रस

मालवणात वैशाखात जावे. सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतताना एका घराच्या परसदारी, चुलीवरच्या कल्हईच्या टोपात रायवळ आंब्यांचा रस आटताना दिसला. त्यात साखरेचा कणही नव्हता. आपल्याकडे मध वर्ज्य. मधुमेही वडिलांसाठी मी साखरेला पर्याय शोधतच होते, म्हणून तेथेच थबकले.

हापूस पेट्यांतून मुंबईला जातो, घरी उरतो तो रेषाळ रायवळ. पिकल्या आंब्यात पाचातले चार भाग पाणीच. ते मंद आचेवर उडाले की गोडी दाटते. रस फडक्यातून गाळावा. फळ पूर्ण पिकलेले हवे, कारण आटताना आंबटपणाही वाढतो. "हलवीत रवा, नायतर करपतलो," आजींनी मला उलथणे देत बजावले. दोन तास हात भरून आला! रसाने टोपाची कड सोडली, गोळा झाला, की गार करून कोरड्या बरणीत भरावा. ओला चमचा लागला तर बुरशी धरते आणि सारेच अभक्ष्य होते. शिऱ्यात, लाडवात साखरेऐवजी हा गोळा उत्तम.

वडिलांचे मात्र काम झाले नाही. पिकल्या आंब्यातली मुख्य शर्करा उसाच्या साखरेचीच, आणि आटवल्यावर ती अधिकच एकवटते. डॉक्टरांनी चमचाभरही मोजूनच घ्यायला सांगितले. आमच्याकडे आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा बंद. म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्याआधी बरणी आम्हीच रिकामी केली. वडील तेवढे शिऱ्याचा वास घेऊन उठले.