आम्ही पडद्यावर येतो

फुकट मिळालेली वस्तू चालेनाशी झाली तर भांडायचं कोणाशी, हा प्रश्न मला २०१० सालच्या पावसाळ्यात पहिल्यांदा पडला. त्याआधी पडला नव्हता, कारण फुकट असं मला काही मिळालंच नव्हतं.

झालं असं, की आमच्या लॅपटॉपला व्हायरसने झपाटलं. दुकानदाराने तो उतरवण्याचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि घरची वाट धरली. तेव्हा माझ्या भाच्याने लिनक्सचं नाव काढलं. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणजे घरातला पंखा दुरुस्त करता येत नाही, बाकी सगळं येतं.

"मामा, लिनक्स टाकू. पैशाची भानगड नाही."

"फुकट?"

"फुकट नाही, मुक्त!" तो गंभीर झाला. "आतला कोड कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा."

मला तो कोड वाचायचाही नव्हता आणि बदलायचा तर मुळीच नव्हता. पण उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी त्या काळी नुसती मागितली की टपालाने घरपोच यायची (२०११ साली ही चैन संपली), आणि भाच्याकडे तशा चार पडून होत्या. फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हौसेखातर या कामाला हात घातला आणि मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली, असंही त्याने सांगितलं. म्हणजे सार्वजनिक गणपतीच की! फक्त वर्गणीला दारात कोणी उभं राहत नाही.

तासाभरात लिनक्स बसलं. लॅपटॉप पूर्वीपेक्षा चपळ झाला. फक्त कॅमेरा लागेना.

आता कॅमेऱ्यावाचून आमचं एवढं काय अडलं होतं, ते सांगायला हवं. मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टला. तिला सातवा महिना. दर रविवारी संध्याकाळी ती लॅपटॉपवर यायची. तिचा चेहरा आम्हाला लख्ख दिसे. आमच्या जागी मात्र तिला काळा चौकोन.

"बाबा, तुम्ही अंधारात बसता का हो? मला आईला बघायचंय."

आणि आईला तर जुलैपासून बघण्यासारखं झालं होतं. मागच्या अंगणातल्या शेवाळावरून ही घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. "पोरीला यातलं अक्षर कळता कामा नये. या दिवसांत तिच्या जिवाला घोर नको," असं फर्मान निघालं. आवाजात प्लॅस्टर दिसत नाही, तेव्हा अडचण काहीच नव्हती. मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो, की ही म्हणे, "राहू द्या हो, बोलणं तर होतंय ना?" बायकांना यंत्रांची गोडी नसते, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. पस्तीस वर्षांच्या संसारात असे बरेच निष्कर्ष मी काढले आहेत.

भाचा रोज संध्याकाळी येऊन काळ्या खिडकीत आज्ञा टंकू लागला. एका आज्ञेने लॅपटॉपला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी आली. त्यात कॅमेरा होता, पण नावाने नाही, आकड्यांनी. पहिली चार अक्षरं म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं गोत्र, पुढची चार म्हणजे खुद्द वराचं नाव. ही पत्रिका जुळली तर ड्रायव्हर सापडतो. कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर क्वचितच देत. मग हौशी लोकांनीच ते लिहिले. फ्रान्समधल्या एका डॉक्टरने म्हणे रोगी तपासून उरलेल्या वेळात दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांची सोय लावली. आमचे डॉक्टर उरलेल्या वेळात उरलेले रोगी तपासतात.

कॅमेऱ्याचं मूळसुद्धा असंच गमतीचं आहे. हा पडद्यावरचा कॅमेरा पहिल्यांदा लागला तो केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत, तोही १९९१ सालीच. शास्त्रज्ञ जिने उतरून कॉफीला जायचे आणि भांडं रिकामं निघायचं, म्हणून त्या भांड्यावर त्यांनी कॅमेरा रोखला. पुण्यात असते तर 'कॉफी संपली आहे. विचारू नये' अशी पाटी लावून प्रश्न मिटवला असता आणि जग या शोधाला मुकलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात निदान झालं. आमचा कॅमेरा चित्र दाबून, घड्या घालून पाठवत होता आणि बोलायचा जो प्रोग्रॅम आम्ही वापरत होतो, त्याला त्या घड्या उलगडता येत नव्हत्या. दोघेही निर्दोष, फक्त भाषा वेगळी. अशा वेळी मध्ये दुभाषा बसवावा लागतो. म्हणजे प्रोग्रॅमच्या नावाआधी हातभर लांब एक ओळ टंकायची. ती ओळ मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर उतरवून घेतली, दुधाच्या हिशेबाखाली.

शनिवारी रात्री ओळ टंकली, आणि अहो आश्चर्यम्! चौकोनात मी प्रकट झालो. पण डोकं खाली, छाती वर. छताचा पंखा माझ्या टकलाखाली, जमिनीवरच्या पंख्यासारखा फिरत होता.

"मामा, कंपनीनेच कॅमेरा उलटा बसवलाय," भाचा म्हणाला. "विंडोजमध्ये त्यांचंच सॉफ्टवेअर गुपचूप चित्र सुलटं करतं. लिनक्सला हे कोण सांगणार? अशा उलट्या लॅपटॉपांची एक यादी एका डच माणसाने केलीय. त्यात आपलं मॉडेल नाही. मी कळवतो, पुढच्या वेळी येईल."

मी लॅपटॉपच उलटा धरून पाहिला. मी उलटाच राहिलो, वर कीबोर्ड छपरासारखा डोक्यावर आला.

रविवार उजाडला. ही नवी साडी नेसून, प्लॅस्टरचा हात टेबलाखाली ठेवून बसली. मुलगी आली.

"बाबा! दिसताय! उलटे आहात, पण दिसताय!"

तेवढ्यात हिला स्वतःचं चित्र दिसलं. प्लॅस्टरची पांढरी कड चौकोनाच्या वरच्या बाजूला डोकावत होती. घाईघाईने तिने हात पडद्यावर वरच्या दिशेला सरकवायचा म्हणून वर उचलला, तर तो चित्रात खाली आला, आणि अख्खं प्लॅस्टर, बोटांपासून कोपरापर्यंत, बरोब्बर मधोमध.

पलीकडे काही बोलणं नाही.

"आई, किती दिवस झाले?"

"अगं, कुठे काय, जरासं..."

"किती दिवस?"

"पाच आठवडे," मी म्हणालो. हिने माझ्याकडे असं पाहिलं की उलट्या चित्रातही ते सुलटं समजलं.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने आपला लॅपटॉप जरा खाली कलवला. तिचा चेहरा तेवढा दिसतो याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं. ती खुर्चीत नव्हतीच. पलंगावर होती, पाय दोन उशांवर.

"डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. तीन आठवडे झाले. तुम्हाला घोर नको म्हणून..."

मग मायलेकी जे बोलायला लागल्या, ते घड्याळाचा काटा एक फेरा पुरा करून आला तरी चालूच. कोणी रडलं, कोणी रागावलं, मेथीच्या लाडवांचं प्रमाण सांगून झालं. मी चहा करून आणला, तोही कोणाच्या लक्षात आला नाही.

भाचा दारात उभा होता. हळूच म्हणाला, "मामी, एक युक्ती सापडलीय. चित्र सुलटं करून बघू का?"

"हात लावू नकोस," ही म्हणाली. "आत्ता चालतंय ते चालू दे."