केसाळ बुटका ससा घरी आणण्यापूर्वी



मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांचा नाही. तरीही सशांविषयीचे प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. मुलाच्या हातावर गोल चट्टा उठलेला असतो, ससा चावलेला असतो, किंवा "ससा खात नाहीये, मुलाचं औषध थोडं देऊ का?" असा फोन असतो. आमच्या घरीही तीन वर्षांपासून दोन केसाळ माद्या आहेत. त्यामुळे यातलं बरंचसं रोजच्या सवयीचं झालं आहे. आज तेच तुमच्यासाठी सविस्तर लिहितो.

नेमका कोणता ससा?

मानेभोवती सिंहासारखी आयाळ असलेला आणि साधारण दीड किलो वजनाचा ससा म्हणजे लायनहेड. ही जात मूळची बेल्जियमची. जर्सी वुली ही जात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत तयार झाली. तिच्या सगळ्या अंगावर लोकर असते. दोन्ही जाती थंड हवेतल्या आहेत, हे आधी लक्षात घ्या. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. तापमान २८ अंशांच्या वर गेलं की केसाळ सशाला त्रास सुरू होतो. थंड फरशी, पंखा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली जवळ हवी. बंद बाल्कनीत त्याला कधीही ठेवू नका.

केस आणि पोट

ससा दिवसभर स्वतःला चाटतो आणि केस गिळतो. मांजर ते केस ओकून टाकतं, पण सशाला उलटी करताच येत नाही. गिळलेलं सगळं पुढेच सरकायला हवं आणि ते काम वाळलेलं गवत करतं. मोठ्या सशाचा मुख्य आहार गवतच असावा, तेही दिवसरात्र समोर. सोबत थोडी कोथिंबीर किंवा तत्सम पालेभाजी द्या. गाजर गोड असतं, त्याचा लहानसा तुकडा पुरे. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, म्हणून तो वाढत्या पिल्लांसाठी आणि दूध पाजणाऱ्या मादीसाठी राखून ठेवा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायलाही गवतच लागतं.

केस आठवड्यातून दोन-तीनदा विंचरा, केस गळण्याच्या दिवसांत रोज. गुंता झाला तर तो बोटांनी हलकेच सोडवा. सशाची कातडी पातळ असते, कात्रीने सहज फाटते. अंघोळ घालू नका. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज पाहा. तिथे ओल किंवा लेंडी चिकटली की माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात.

हे औषध देऊ नका

बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सशाची आतडी थांबलेली असू शकतात. ती तातडीची वेळ आहे, थेट पशुवैद्याकडे जा. घरातलं अमॉक्सिसिलिनचं सिरप सशाला तोंडाने देऊ नका. त्याच्या पचनासाठी लागणारे आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात, विषारी जंतू वाढतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

तुमच्या तब्येतीसाठी

सशाच्या अंगावरून माणसाला नायटा होऊ शकतो. सशाच्या अंगावर टक्कल पडलेले, खपल्यांचे गोल दिसले की त्याला आणि घरच्या माणसांना एकाच वेळी तपासून घ्या. एकावरच उपचार केले तर नायटा पुन्हा फिरून येतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी ससा आणण्याआधी एखाद्याच्या घरी त्याच्यासोबत दोन-तीनदा वेळ घालवून पाहावा. ससा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग डॉक्टरांकडून धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज तपासून घ्या. घरातच राहणाऱ्या सशापासून रेबीजची भीती सहसा नसते, पण तो निर्णयही डॉक्टरांवर सोडा.

पिल्लं मरतात तेव्हा

मागच्या वर्षी एक नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर नायट्यासाठी आली होती. मी औषध लिहीत असताना तिने विचारलं, "डॉक्टरकाका, आमच्या चिंगीला सहा पिल्लं झाली. दोन अगदीच इवलीशी होती, ती तिसऱ्या दिवशी मेली. मी हात लावला म्हणून का?" कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं.

तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. बुटकेपणा एचएमजीए२ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे येतो, हे २०१७ मध्ये स्पष्ट झालं. आई किंवा बाबा, एकाकडूनच तो बदल आला तर पिल्लू बुटकं पण धडधाकट होतं. दोघांकडून आला तर पिल्लू फारच लहान जन्मतं आणि काही दिवसांत मरतं. दूध पाजून, ऊब देऊन ते वाचत नाही. नर आणि मादी दोन्ही खरे बुटके असतील तर प्रत्येक पिल्लाबाबत ही शक्यता चारात एक असते. थॅलेसेमिया मायनर असलेल्या जोडप्याला आम्ही लग्नाआधी सांगतो तेच हे गणित. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चिंगीचीही चूक नाही." नाही, तिचीही नाही. स्वच्छ हातांनी पिल्लं रोज पाहायलाच हवीत, मेलेलं पिल्लू लगेच काढता येतं.

पैदास करायचीच असेल तर बुटका नर आणि त्याच जातीची, बुटकेपणाचं जनुक नसलेली थोडी मोठी मादी निवडा. मग या कारणाने पिल्लं मरत नाहीत आणि बाळंतपणही सोपं जातं. गर्भ साधारण ३० ते ३२ दिवसांचा असतो. मादी स्वतःचे केस उपटून घरटं करते. लांब लोकर पिल्लांच्या पायाला, मानेला गुंडाळते, म्हणून ती आखूड कापून परत घाला. मादी दिवसातून एकदा-दोनदा, काही मिनिटंच दूध पाजते. "आई लक्ष देत नाही" असं वाटून पिल्लं उचलू नका. त्यांची पोटं गोल दिसत असतील तर सगळं ठीक आहे.

मात्र आधी विचार करा, ही पिल्लं जाणार कुणाकडे? ससा आठ-दहा वर्षं जगतो. घरं ठरलेली नसतील तर पैदास नको. नर-मादी वेगळे ठेवा, कारण व्यायल्यावर मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रिया न केलेल्या मादीत वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच वाढतं. आमच्या दोघींची शस्त्रक्रिया म्हणूनच करून घेतली. सशांचा अनुभव असलेले पशुवैद्य सगळीकडे मिळत नाहीत, तेव्हा आधी पशुवैद्य शोधा आणि मग ससा आणा.