सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि पुढे प्राध्यापकीत आळशी विद्यार्थ्यांवर तिचा प्रयोगही मनसोक्त केला. परंतु ज्या कोणा शहाण्याने ती प्रथम उच्चारली, त्याने आमच्या दिवाणखान्यातील सरडा पाहिला नसावा, हे उघड आहे. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियातील रखरखीत मुलखाचा. आणि त्याची धाव येऊन थांबली ती काळेवाडीत, पवनेच्या काठी, चौथ्या मजल्यावरील आमच्या बिऱ्हाडात!

अर्थात तो आपल्या पायांनी आला नाही. चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याची परदेशी बदली झाली आणि एका रविवारी तो दोन काचेच्या पेट्या घेऊन दारात उभा राहिला. “मामा, तीनच महिने सांभाळा. दोघेही नर आहेत; काही त्रास नाही,” असे तो म्हणाला. या वाक्यातील तिन्ही विधाने पुढे खोटी ठरली.

इंग्रजीत या प्राण्यास ‘दाढीवाला ड्रॅगन’ म्हणतात. तीस वर्षे आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवीत असल्यामुळे ड्रॅगन म्हटला की अग्नी ओकणारा, सोन्याच्या राशीवर बसलेला राक्षस आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पेटीत पाहतो तो हातभर लांबीचा, मातकट रंगाचा एक गंभीर गृहस्थ दिव्याखाली दगडावर बसलेला! रागावला की हनुवटीखालची काटेरी कातडी फुगे व काळी पडे. माथ्यावर प्रकाश-अंधार जाणणारा बारीक तिसरा डोळा. दाढी, तृतीय नेत्र आणि मौन असा त्रिवेणी संगम पाहून आमच्या सौभाग्यवतींनी त्याचे नाव ‘शास्त्रीबुवा’ ठेवले. दुसरा अंगाने थोराड व स्वभावाने तापट. तो शास्त्रीबुवांकडे पाहून जोरजोराने मान हलवी, आणि शास्त्रीबुवा एक हात उचलून तो हळूहळू गोल फिरवीत. आम्हांस तो विद्वानांचा नमस्कार वाटला. ती शरणागतीची खूण असते, हे मागाहून कळले.

भाच्याने शिकविलेला आहारविधी आम्ही निष्ठेने पाळला. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा आणि कॅल्शियमच्या भुकटीत घोळलेले रातकिडे. पालक मात्र नको, कारण त्यातील द्रव्य कॅल्शियम अंगी लागू देत नाही. ज्या घरात आजवर अंडेही शिजले नाही, त्या घरात डब्यातून रातकिड्यांची मैफल रात्रभर चाले. सौभाग्यवतींनी प्रथम फार आदळआपट केली; पण महिन्याभरात रातकिडे मोजून वाढण्याचे काम त्यांनीच आमच्या हातून काढून घेतले.

फेब्रुवारीत शास्त्रीबुवांनी अन्न सोडले आणि पेटीचा कोपरा उकरण्यास प्रारंभ केला. आम्ही घाबरून भाच्यास दूरध्वनी केला. तो उत्तर देतो तोच सौभाग्यवतींनी आतून हाक मारली, “अहो, इकडे या. तुमचे शास्त्रीबुवा बाळंत झाले!” वाळूत एकवीस अंडी होती. साफसफाईच्या वेळी दोघांस आम्ही भाबडेपणाने एकत्र ठेवीत असू, त्याचे हे फळ.

या जातीत नर-मादीचा घोळ केवळ आमच्या भाच्यानेच घातलेला नाही; निसर्गही तो घालतो. अंडी सुमारे ३२ अंशांहून अधिक उष्णतेत उबली, तर गुणसूत्रांनी नर असलेला जीव मादी होऊन जन्मतो, आणि ती मादी पुढे पिलेही देते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा माद्या रानातही आढळल्याचे २०१५ साली प्रसिद्ध केले. आम्ही अंडी २९ अंशांवर ठेवली. थर्माकोलची पेटी, बागकामातील ओलसर व्हर्मिक्युलाइट आणि उष्णता राखणारे एक यंत्र, एवढेच ते सूतिकागृह. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, तेव्हा आम्ही उभयतांनी आळीपाळीने गरम पाण्याच्या बाटल्या भरून पेटीत ठेवल्या. आमच्या स्वतःच्या मुलांच्या जन्माच्या वेळीही इतकी धावपळ आमच्या वाट्यास आली नव्हती. त्रेसष्टाव्या दिवशी पहिले कवच फाटले. चार अंडी नासली. सतरा जिवांनी डोळे उघडले.

त्या दिवशी आम्हांस झालेला अभिमान आज आठवला तरी लाज वाटते. जणू ब्रह्मदेवाने सृष्टीचा कारभार काळेवाडीत आमच्याकडे सोपविला होता! सोसायटीतील मुले रांग लावून पिले पाहून गेली. पण सतरा मुखे दिवसातून अनेकदा खात असतात. आणि वेळेवर मिळाले नाही तर एकमेकांच्या शेपट्या व बोटे कुरतडतात. दिवाणखान्यात पेट्यांची चाळ उभी राहिली. दिव्यांचा खर्च वाढला. तेव्हा आम्हांस एक शहाणपण सुचले. पूर्वेच्या खिडकीत सकाळचे कोवळे ऊन भरपूर येते. मग सर्वांस विकतचा सूर्य कशास हवा? चार पेट्या आम्ही बंद खिडकीच्या काचेआड मांडल्या.

या प्राण्यांच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते ते अतिनील किरणांमुळे. त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम हाडांत उतरत नाही. आणि नेमके तेच किरण खिडकीची काच अडविते. उजेड येतो, ऊब येते. जे हवे ते येत नाही. त्यांच्या दिव्यांचेही तसेच आहे : काही महिन्यांनी त्यातील किरण सरतात, पण दिवा जळतच राहतो. हे आम्हांस कळले तेव्हा एका पिलाचा जबडा मऊ पडला होता व मागचे पाय वाकले होते. सरडा तपासणारा डॉक्टर शोधण्यात दोन दिवस गेले. तो सज्जन माणूस आम्हांस बोलला काहीच नाही. “दिवा कोणता वापरता?” एवढेच त्याने विचारले. पिलू पाच दिवसांनी गेले. पुस्तकी माणसाचा उजेडावर फार विश्वास असतो. तो कशातून गाळून येतो हे पाहण्याची त्यास सवय नसते. त्या पिलाच्या मृत्यूचे कारण इतके साधे होते.

उरलेल्या सोळांस घरे शोधण्यास आठ महिने लागले. त्यांस पवनेच्या काठी सोडून द्यावे, असे एका शेजाऱ्याने सुचविले. परमुलखातला जीव येथे एकतर तडफडून मरेल, किंवा जगला तर येथल्यांच्या मुळावर येईल, हे त्यास समजाविताना आमचे एक व्याख्यान खर्ची पडले. शेवटी मुलीसाठी स्थळ पाहावे तशा आम्ही चौकश्या केल्या. घरी कोण असते? वीज गेली तर काय कराल? दहा-बारा वर्षे सांभाळाल काय? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक स्थळे मोडत.

त्याच उन्हाळ्यात नातलगांकडे साताऱ्यास जाणे झाले आणि चाळकेवाडीचे पठार पाहण्याचा योग आला. पवनचक्क्यांच्या पायथ्याशी एका दगडावर वीतभरही नसेल असा एक जीव चढला आणि त्याने गळ्याची झालर उघडली : निळी, काळी, नारिंगी! २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांची निराळी प्रजाती मानून तिला आपला मराठी शब्दच नाव म्हणून दिला. चाळकेवाडीचा हा ‘सरडा सुपर्बा’ होय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाल्याने हे सरडे वाढले आणि त्यांचे भय ओसरले. पण अंगे रोडावली व गळ्याचे रंगही फिके पडले. भय गेले म्हणजे सुख आले, असे नाही. हे वाचताना आम्हांस दिव्याखालचे शास्त्रीबुवा आठवले. त्यांस ना ससाणा, ना दुष्काळ; पण मुलूखही नाही.

घरी परतलो तेव्हा सोसायटीच्या कुंपणावर आमचा नेहमीचा सरडा बसला होता. पावसाळा जवळ आल्यामुळे त्याचा गळा लाल झाला होता. ज्या मुलांनी आमची पिले पाहण्यास रांग लावली, तीच त्यास दगड मारीत होती. घोरपडीस १९७२च्या कायद्याचा आधार आहे; सिंहगडाच्या यशवंतीची आख्यायिकाही तिच्या पाठीशी आहे. या बापड्याच्या पाठीशी केवळ एक म्हण, आणि तीही हेटाळणीची. आम्ही मुलांस हटकले. “काका, हा साधाच आहे,” ती म्हणाली. ऑस्ट्रेलियाने आपले सरडे व्यापारासाठी बाहेर नेण्यास कित्येक दशकांपासून मनाई केली आहे. तेथे तेही साधेच असतात.

पुढल्या वर्षी आमच्याच हातून चूक झाली. पेटी धुण्यापुरते, अर्धा तास, दोघे पुन्हा एकत्र राहिले. महिन्याभरात शास्त्रीबुवांनी कोपरा उकरला. या खेपेस चोवीस अंडी होती. घातली त्याच दिवशी, आत जीव नीट आकारास येण्यापूर्वी, ती गोठवितात, हे आम्हांस ठाऊक झाले होते. आम्ही उभयता बराच वेळ त्या पांढऱ्या अंड्यांकडे पाहत बसलो. “गेल्या वेळचे ते पायवाकडे आठवते ना?” सौभाग्यवती म्हणाल्या. मग त्यांनीच शीतकपाटातील बर्फाचा कप्पा मोकळा केला. जीव जन्मास घालणे ही आम्हांस मोठी करामत वाटली होती. त्याचे कुंपण कोठवर असावे हे ठरविणे त्याहून अवघड, आणि त्याचा अभिमान मुळीच वाटत नाही.

भाच्याचे तीन महिने अद्याप संपलेले नाहीत. शास्त्रीबुवांचा दिवा आम्ही आता वेळच्या वेळी, तो जळत असतानाच, बदलतो. त्या दिवशी अंडी काढून घेतल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. रिकाम्या खड्ड्यात त्या वाळू लोटीत राहिल्या आणि नाकाडाने ती नीट चोपून बसविली. काम पुरे झाल्यावर दगडावर चढून दिव्याखाली डोळे मिटले. आम्ही मात्र त्या रात्री शीतकपाटाचे दार उघडले नाही; चहा बिनदुधाचाच घेतला.