टाकी वाजवून बघणं

परवा सकाळी आमच्या बेव्हर्ली पार्कच्या बिल्डिंगमध्ये नळ कोरडे. बाबा गच्चीवर गेले, मी मागोमाग. झाकण उघडायच्या भानगडीत न पडता त्यांनी टाकीवर वरून खाली बोटांनी टकटक केली. पोकळ, पोकळ... आणि मग एकदम बद्द. "इथपर्यंत आहे पाणी. संध्याकाळपर्यंत पुरेल."

मी पडले फिजिक्सची मास्तरीण. मला लगेच सुपरकंडक्टर आठवले! (हसू नका मंडळी.)

सुपरकंडक्टर म्हणजे विजेला अजिबात न अडवणारा पदार्थ. १९९४ साली आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांना यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बनच्या संयुगात हा गुण सापडला, साधारण १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना. अशा पदार्थात इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. साध्या सुपरकंडक्टरमध्ये या जोड्या सगळ्या दिशांना जवळपास सारख्याच घट्ट असतात. काही वेगळ्या पदार्थांत मात्र ठरावीक दिशांना अगदी सैल.

आत डोकावता तर येत नाही. मग टकटक! स्फटिकात अल्ट्रासाऊंड सोडायचा आणि तो किती विरतो ते मोजायचं. सुटे इलेक्ट्रॉन आवाज शोषतात, घट्ट जोडीतले शोषत नाहीत. २००४ साली जपानी संशोधकांनी कुलाब्याच्या त्या संयुगाच्याच कुटुंबातल्या स्फटिकावर हा प्रयोग केला. एका प्रकारची लहर सोडली तर सगळं घट्ट वाटलं. लहरीची दिशा बदलली, तेव्हा सैल जागा कळल्या.

आई गेल्यापासून मी बाबांना रोज विचारते, "जेवलात का? गोळी घेतलीत का?" उत्तर ठरलेलं, "सगळं ठीक आहे गं." दोन वर्षं मी एकाच बाजूने टकटक करत होते, आणि तेवढ्यावर निर्धास्त होते.

त्या दिवशी गच्चीवर सहज विचारलं, "बाबा, टाकी अशी वाजवायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुझ्या आईने," ते म्हणाले. "बाजारात नारळ वाजवून घ्यायची ना, तशी." मग बराच वेळ गप्प. मग बोलायला लागले ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. रात्री झोप लागत नाही, हेसुद्धा तेव्हाच कळलं.

असो. आत्या, हे वाचत असशील तर फोनवर बाबांना "कसा आहेस" विचारू नकोस. नारळाचं विचार.