मजबूत पकड म्हणजे काय?

दीपनगरात राहणाऱ्याला बंदूक-गोळी हे शब्द नवे नाहीत. एका बाजूला भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी, दुसऱ्या बाजूला वरणगावची. वरणगावला तर काडतुसंच बनतात. कॉलनीत प्रत्येकाच्या ओळखीचं कोणी ना कोणी तिथे कामाला असतंच. पण काडतूस बनवणं वेगळं आणि ते कागदावरच्या काळ्या ठिपक्यात नेऊन बसवणं वेगळं!

हा विषय निघाला तो माझ्या भाचीमुळे. ती कॉलेजात एनसीसीत आहे. परवा तिचं पहिलं फायरिंग झालं. पॉइंट टू टू रायफल, झोपून, पाच गोळ्या. गोळ्या पांगल्या आणि कोणीतरी म्हणालं, "तुझा हात हलतो, तुझ्याकडून हे व्हायचं नाही." संध्याकाळी फोन आला, "मामा, मी एनसीसी सोडतेय." आमच्या ताईचंही तेच मत. अभ्यास आहे, सुटतंय तर सुटू दे.

तर मंडळी, पहिली गोष्ट. हात सगळ्यांचाच हलतो. छाती धडधडते, श्वास चालतो, स्नायू ताणले की बारीक थरथरतात. जगातल्या कुठल्याही नेमबाजाला हे चुकलेलं नाही. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. हिशेब केला तर मीटरभर लांब रायफलीचं टोक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढं सरकलं तरी गोळी दहाच्या बाहेर! एवढी हालचाल नुसत्या हाताच्या जोरावर थोपवणं कोणालाच शक्य नाही. म्हणून वजन हातावर घ्यायचंच नसतं. ते हाडांवर आणि हाडांमार्फत जमिनीवर सोपवायचं असतं.

स्वप्नील कुसाळेचे आकडे बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा मध्य रेल्वेचा, त्यामुळे भुसावळकरांना जरा जास्तच आपला वाटतो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ब्राँझ मिळवलं, एकूण ४५१.४ गुण. त्यात गुडघ्यावर बसून १५ गोळ्यांना १५३.३, झोपून १५ गोळ्यांना १५६.८ आणि उभं राहून १४ गोळ्यांना १४१.३. भागाकार करा. झोपून गोळीमागे १०.४५, गुडघ्यावर १०.२२, उभं राहून १०.०९. माणूस तोच, दिवस तोच, टार्गेट तेच. फरक आहे तो जमिनीला किती अंग टेकलंय याचा. झोपल्यावर दोन्ही कोपरं, पोट, पाय सगळंच टेकलेलं, शिवाय दंडाला पट्टा. गुडघ्यावर असताना एक कोपर गुडघ्यावर आणि बूड टाचेवर. उभं राहिलं की फक्त दोन पाय, आणि पट्टाही लावायचा नाही. डावं कोपर कंबरेच्या हाडाशी टेकवायचं, एवढाच काय तो आधार.

आणि हो, शेवटच्या काही गोळ्यांत त्याचीही एक ९.४ गेली होती. तरीही मेडल आलंच!

आता पकडीचं. एनसीसीत मीही होतो. तिथे हिंदीत शिकवतात, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त. "मजबूत" ऐकलं की पोरं रायफल अशी आवळतात की बोटं पांढरी पडावीत. आवळली की थरथर वाढलीच. मजबूत म्हणजे घट्ट नव्हे. मजबूत म्हणजे दर वेळी तशीच. डावा तळवा नुसता खाली, रायफल त्यावर ठेवलेली. बट खांद्याच्या खळग्यात त्याच जागी, गालही त्याच जागी. कारण गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल धक्का द्यायला लागलेली असते, आणि पकड बदलली की धक्क्याची दिशाही बदलते. दर वेळी सारखीच चूक झाली तर गोळ्या एका जागी जमतात. मग साइट फिरवून तो जमाव मधोमध आणता येतो. रोज नवी चूक मात्र कुठलीच साइट दुरुस्त करत नाही.

एक सोपी परीक्षा आहे. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. रायफल टार्गेटवरून सरकलेली दिसली तर ती हाताने ओढून आणू नका. अख्खं अंग थोडं फिरवा. ओढून धरलेला नेम ट्रिगर दाबताना परत जातोच.

भाचीने टार्गेटचा फोटो पाठवला होता. नीट पाहिला. पाचही छिद्रं एकाखाली एक, जवळजवळ उभ्या रांगेत. डावी-उजवीकडे फरक अगदी थोडा. हात थरथरल्याने गोळ्या चहूकडे पांगतात, अशी रांग लागत नाही. झोपून फायर करताना छाती वर-खाली होते तशी रायफलही वर-खाली होते. म्हणजे ही पोरगी बहुतेक श्वास चालू असताना ट्रिगर दाबतेय. अर्धा श्वास सोडायचा, चार-पाच सेकंद थांबायचं, तेवढ्यात गोळी सोडायची. नाही जमलं तर बोट काढून पुन्हा श्वास घ्यायचा. हे शिकता येतं. उलट आडवा फरक इतका कमी आहे म्हणजे तिची पोझिशन पहिल्याच दिवशी बरीच चांगली बसलीय!

गंमत म्हणजे "शिस्त" या शब्दाचा जुना अर्थ नेम असाच आहे. फारसीतून आला आणि मराठीत पुढे वळण लावणारी शिस्त झाला. दोन्ही अर्थ मला एकच वाटतात. जोर नाही, रोज तसंच करत राहणं.

असो. ताई, तू हे वाचतेस मला माहीत आहे. निर्णय तुम्हा मायलेकींचा. पण सोडायचंच असेल तर अभ्यासासाठी सोडू दे, "हात हलतो" म्हणून नको. पाच छिद्रांचा तो कागद तसं म्हणत नाहीये.